फर्मवेअर अपडेट करताना ‘डिव्हाइस नॉट फाउंड’: यूएसबी ऑडिओ इंटरफेसच्या ड्रायव्हरचा गुंता कसा सोडवायचा

रात्री साडेदहाला मामेभावाचा फोन आला.

“दादा, माझा इंटरफेस गेला बहुतेक.”

“गेला म्हणजे? पडला का?”

“नाही रे, फर्मवेअर अपडेट करत होतो. मध्येच ‘डिव्हाइस नॉट फाउंड’ आलं. आता नुसता लाइट लुकलुकतोय. आणि उद्या सकाळी मिरजेला जायचंय, तंबोऱ्यांचं रेकॉर्डिंग आहे.”

“लाइट लुकलुकतोय ना? मग गेलेला नाही. केबल उपसू नकोस. डिव्हाइस मॅनेजर उघड आणि काय दिसतंय ते वाचून दाखव.”

पाऊण तासाने इंटरफेस पूर्ववत झाला. इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज यूएसबीने संगणकात नेणारी डबी. तिच्यात बिघाड नव्हताच, संगणकाला ती ओळखता येत नव्हती एवढंच. अशा फोनांना मी गेली काही वर्षं उत्तरं देतोय आणि दहातल्या आठ वेळा गोष्ट हीच निघते. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो. उदाहरणं विंडोज १० आणि ११ ची आहेत, कारण रडारड मुख्यतः तिथेच असते. मॅक आणि लिनक्सबद्दल पुढे थोडं आहे.

## अपडेटच्या वेळी यंत्र ओळख बदलतं

हे एक कळलं की बाकीचं आपोआप कळतं, म्हणून इथे जरा थांबतो.

यूएसबीला जोडलेलं प्रत्येक उपकरण संगणकाला दोन क्रमांक सांगतं. एक व्हीआयडी, म्हणजे कंपनीचा क्रमांक, आणि दुसरा पीआयडी, म्हणजे त्या कंपनीच्या त्या विशिष्ट मालाचा क्रमांक. दोन्ही चार-चार अक्षरी असतात. कोणता ड्रायव्हर, म्हणजे त्या यंत्राशी कसं बोलायचं हे सांगणारा प्रोग्राम, लावायचा हे विंडोज मुख्यतः या जोडीवरून ठरवतं.

आता फर्मवेअर म्हणजे डबीच्या आत सतत चालणारा प्रोग्राम. तो चालू असताना स्वतःलाच कसा पुसणार? ज्या फांदीवर बसलोय तिच्यावरच कुऱ्हाड चालवण्यासारखं ते. म्हणून बहुतेक यंत्रांत बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्राम वेगळा राखलेला असतो. अपडेट सुरू झालं की यंत्र स्वतःला यूएसबीवरून तोडतं, बूटलोडरच्या ताब्यात जातं आणि पुन्हा जोडलं जातं. पण या वेळी बहुधा वेगळ्या पीआयडीने, कधी कधी व्हीआयडीसुद्धा वेगळा. गावात बहुरूपी येतो तसं. काल ज्याच्याशी चहा प्यायलात तोच आज पोलिसाच्या वेषात दारात उभा असतो, आणि विंडोज त्याला विचारतं, “आपण कोण?”

तुमचा रोजचा ऑडिओ ड्रायव्हर पहिल्या रूपासाठी असतो, दुसऱ्या रूपासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. तो नसेल किंवा भलताच लागला असेल, तर अपडेट करणाऱ्या सॉफ्टवेअरला समोर काहीच दिसत नाही आणि ते ‘सापडत नाही’ म्हणून मोकळं होतं.

एक ठोस उदाहरण देतो. एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरवर बेतलेली असंख्य छोटी उपकरणं बाजारात आहेत. त्या चिपमध्ये कारखान्यातूनच आलेला बूटलोडर यूएसबीवर व्हीआयडी ०४८३ आणि पीआयडी डीएफ११ अशी ओळख देतो, मग वरच्या डबीवर कुणाचंही नाव छापलेलं असो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या यंत्रांच्या विंडोजच्या यादीत, अचानक अनोळखी नाव आणि हे क्रमांक दिसले तर घाबरू नका, ती तुमचीच डबी आहे.

यूएसबीवरून फर्मवेअर बदलण्याचं डीएफयू नावाचं एक ठरलेलं मानक आहे. त्याची १.१ ही आवृत्ती २००४ ची. तरीही विंडोजमध्ये डीएफयूसाठी आयता ड्रायव्हर नसतो. विंडोज ८ पासून एक सोय झाली: यंत्राने जोडताना स्वतःहून सांगितलं, तर मायक्रोसॉफ्टचा विनयूएसबी हा सर्वसाधारण ड्रायव्हर आपोआप लागतो. ज्यांच्या बूटलोडरमध्ये ही सोय आहे ती यंत्रं मुकाट अपडेट होतात, ज्यांच्यात नाही ती रात्री साडेदहाला फोन करायला लावतात.

## आधी बघा, ड्रायव्हर लागतो तरी का?

हातात धरायचे रेकॉर्डर, म्हणजे झूमचे एच४एन, एच५, एच६ किंवा टॅस्कॅमचा डीआर-०५ यांसारखे, फर्मवेअर मेमरी कार्डावरून घेतात. झूमच्या या रेकॉर्डरांत फाइल कार्डाच्या मुळाशी टाकायची, कुठल्या फोल्डरमध्ये नाही, आणि प्लेचं बटण दाबून धरून यंत्र चालू करायचं. टॅस्कॅमच्या डीआर-०५ मध्ये फाइल ‘युटिलिटी’ फोल्डरमध्ये जाते. यात यूएसबी ड्रायव्हरचा संबंधच येत नाही. मी एकाला दोन तास ड्रायव्हर शोधताना पाहिलंय. शेवटी कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घातलं, फाइल टाकली आणि काम पाच मिनिटांत झालं. तुमचा रेकॉर्डर असा असेल तर सेल नवे घाला, कंपनीची सूचना वाचा आणि हा लेख इथेच सोडा.

खालचं सगळं आहे ते यूएसबी ऑडिओ इंटरफेस, यूएसबी मिक्सर आणि यूएसबी माइक यांच्यासाठी.

आणखी एक. उद्या रेकॉर्डिंग असेल तर आज फर्मवेअरला हात लावायचा नाही. यंत्र नीट चालत असेल आणि नव्या आवृत्तीत तुम्हाला हवी ती दुरुस्ती नसेल, तर घाई कशाला?

## तयारी

केबलपासून सुरुवात करा. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेल्या काही केबलींत फक्त वीज वाहणाऱ्या तारा असतात, डेटाच्या नसतात. साध्या यूएसबी २.० केबलमध्ये चार तारा हव्यात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. डेटाच्या नसतील तर डबीचा लाइट छान लागतो आणि संगणकाला कशाचाच पत्ता नसतो. माझी स्वतःची पहिली फजिती हीच. दोन संध्याकाळी ड्रायव्हर काढ-घाल करण्यात गेल्या आणि दोष निघाला ड्रॉवरमधून उचललेल्या एका सुबक पांढऱ्या केबलचा. यंत्रासोबत आलेली केबल शोधा, तीच वापरा.

मग पोर्ट. लॅपटॉपच्या अंगच्या पोर्टात लावा, हब किंवा डॉक मध्ये नको. डेस्कटॉप असेल तर पाठीमागच्या पोर्टात, पुढच्या नाही. एकदा निवडलेला पोर्ट शेवटपर्यंत बदलू नका, कारण बऱ्याच यंत्रांसाठी विंडोज पोर्टागणिक नवी नोंद करतं आणि गोंधळ वाढतो.

वीज. लॅपटॉपला चार्जर लावलेला असावा आणि बॅटरीही भरलेली असावी. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर पावसाळ्यात, किंवा तुमच्याकडे भारनियमनाची जी वेळ असेल त्या वेळेला, हे काम काढू नका. इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, काही इन्व्हर्टरांवर वीज बदलताना डेस्कटॉप झटका खाऊन पुन्हा सुरू होतो. यंत्र यूएसबीच्याच विजेवर चालत असेल तर माइकला वीज पुरवणारं ४८ व्होल्टचं फँटम बंद करा, माइक आणि हेडफोन काढून ठेवा. यूएसबी २.० मध्ये यंत्राला संगणकाशी बोलणी पूर्ण होईपर्यंत १०० मिलिअँपिअर आणि नंतर फार तर ५०० मिलिअँपिअर एवढीच वीज मागता येते. त्यात माइकचा भार नको.

लॅपटॉप झोपणार नाही, असंही सेटिंग करून ठेवा. पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप ‘नेव्हर’.

फाइल कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून मिरवणारी जी फुकट सॉफ्टवेअरं असतात त्यांना दारातही उभं करू नका. मॉडेलचं नाव आणि पिढी दोन्ही जुळवा. एकाच नावाच्या इंटरफेसच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पिढ्या दिसायला सारख्या आणि आतून वेगळ्या असतात. पिढी बहुधा डबीच्या तळाशी किंवा अनुक्रमांकावरून कळते. आलेली फाइल झिप असेल तर आधी नीट बाहेर काढा. झिपच्या आत डबल क्लिक करून सेटअप चालवला की विंडोज त्यातली एखादीच फाइल तात्पुरत्या जागी काढतं, शेजारच्या ड्रायव्हरच्या फाइली मागेच राहतात आणि सेटअप अर्धवट होतो. ही चूक इतकी नेहमीची आहे की मी पहिला प्रश्न तोच विचारतो.

आत्ताची फर्मवेअर आवृत्ती कुठली ते लिहून ठेवा, मिक्सरची सेटिंग जतन करा. काही अपडेट ती पुसून टाकतात.

शेवटी, आवाजाशी संबंध असलेलं सगळं बंद करा. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, ब्राउझर, मीटिंगची ॲप, गाण्यांचं ॲप. नुसती खिडकी बंद करून भागत नाही, उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी लपलेलीही बघा. कुणी यंत्र धरून बसलं असेल तर ते बूटलोडरकडे जाताना अडकतं.

## क्रम: आधी ड्रायव्हर, मग फर्मवेअर

कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर हा क्रम ठेवा.

यंत्र काढून ठेवा. नव्या ड्रायव्हर पॅकेजच्या सेटअपवर उजवी क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने चालवा. ‘आता यंत्र जोडा’ असं सेटअप म्हणेल तेव्हाच जोडा. त्याआधी जोडलंत तर विंडोज स्वतःचा सर्वसाधारण ड्रायव्हर लावून मोकळं होतं. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ या सर्वसाधारण मानकाचा ड्रायव्हर विंडोजमध्येच आहे, त्यामुळे यंत्र वाजतंही आणि आपल्याला वाटतं सगळं झालं. पण कंपनीच्या अपडेटरला बोलायचं असतं कंपनीच्या ड्रायव्हरशी. तो नसला की आवाज येतो आणि अपडेट मात्र होत नाही.

सेटअप झाल्यावर ‘रीस्टार्ट’ करा. शटडाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे, तिच्यात शटडाउनच्या वेळी सिस्टिमचा गाभा डिस्कवर जतन होतो आणि पुढच्या वेळी तसाच उचलला जातो, जुन्या ड्रायव्हरसकट. ‘मी बंद करून चालू केलं, तरी तसंच’ असं कुणी म्हणालं की मी विचारतो, रीस्टार्ट केलंस का?

यंत्र जोडा, एखादं गाणं वाजवून बघा, दहा सेकंद रेकॉर्ड करा. इथवर ठीक असेल तरच फर्मवेअर अपडेटर उघडा.

## डिव्हाइस मॅनेजर उघडा ठेवून बघा

विंडोजची कळ धरून एक्स दाबा, यादीतून डिव्हाइस मॅनेजर निवडा. ती खिडकी अपडेटरच्या शेजारी ठेवा आणि अपडेट सुरू करा. तुम्हाला सगळं नाटक दिसेल: ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ खालून तुमच्या इंटरफेसचं नाव नाहीसं होतं, लॅपटॉप यंत्र काढल्याचा आवाज करतो, दोन-चार सेकंदांत जोडल्याचा आवाज येतो आणि यादीत दुसरीकडेच कुठेतरी नवी नोंद उगवते. ही नवी नोंद कशी आहे, यावर पुढचा उपाय ठरतो.

तिच्यावर डबल क्लिक करा. काही अडलं असेल तर ‘जनरल’मध्ये त्या अडचणीचा कोड लिहिलेला असतो. ‘डिटेल्स’मध्ये जाऊन वरच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडलंत की व्हीआयडी आणि पीआयडी रोमन अक्षरांत दिसतात. दोन्हीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

काहीच उगवत नाही. जोडल्याचा आवाजही येत नाही. हा ड्रायव्हरचा प्रश्न नाही. केबल, पोर्ट, किंवा यंत्र अपडेटच्या स्थितीत गेलेलंच नाही. अनेक यंत्रांत एखादं बटण दाबून धरून केबल लावली की ते थेट बूटलोडरमध्ये जातं. कुठलं बटण, ते पुस्तिकेत असतं.

‘अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’, कोड ४३. हे वाचून लोक ड्रायव्हर शोधायला धावतात. थांबा. हार्डवेअर आयडी बघा. व्हीआयडी ०००० आणि पीआयडी ०००२ असेल, तर यंत्राला स्वतःचं नावच सांगता आलेलं नाही. नावच माहीत नाही तर विंडोज ड्रायव्हर कुणाचा लावणार? जगातला कुठलाही ड्रायव्हर इथे कामाचा नाही. केबल बदला, पोर्ट बदला, यंत्राला वेगळा ॲडॅप्टर असेल तर तो लावा. यंत्र पाच मिनिटं पूर्ण काढून ठेवा. दुसऱ्या संगणकावर लावून बघा. गंमत म्हणजे नव्या लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टात रुसणारी काही जुनी यंत्रं मध्ये साधा यूएसबी २ चा हब टाकल्यावर बोलू लागलेली मी पाहिली आहेत. वर मी हब नको म्हटलं ते खरं, पण हा शेवटचा उपाय म्हणून लक्षात ठेवा. दोन-तीन संगणकांवर आणि चांगल्या केबलीवरही हेच आलं, तर मात्र ते कंपनीच्या सेवा केंद्राचं काम.

पिवळा त्रिकोण, कोड २८. ड्रायव्हर बसवलेलाच नाही. मामेभावाच्या बाबतीत हेच होतं, ‘अदर डिव्हाइसेस’ खाली एक अनोळखी नाव आणि त्यावर पिवळा त्रिकोण. त्याला मी सांगितलं ते असं: त्या नोंदीवर उजवी क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’. फोल्डर द्यायचा तो जिथे कंपनीचं सॉफ्टवेअर बसलंय तो, म्हणजे ‘प्रोग्राम फाइल्स’च्या आत कंपनीच्या नावाने असलेला. किंवा झिप जिथे उघडली तो. ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’वर खूण असू द्या. विंडोज त्या फोल्डरात आयएनएफ प्रकारच्या फाइली चाळतं, ज्या फाइलीत समोरचा व्हीआयडी-पीआयडी लिहिलेला असेल ती उचलतं. त्याच्या अपडेटरच्या फोल्डरात ‘ड्रायव्हर’ नावाचा उपफोल्डर होता, आत फाइल होती, फक्त सेटअपच्या वेळी ती बसलीच नव्हती. कारण? त्याने सेटअप झिपमधूनच चालवला होता.

‘बेस्ट ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे’ असं उत्तर आलं तर ‘लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट’ आणि ‘हॅव डिस्क’ या वाटेने जा आणि आयएनएफ फाइल स्वतः दाखवा. यंत्राची ओळख त्या फाइलीत आहे का, हे बघायला फाइल नोटपॅडमध्ये उघडून पीआयडी शोधला तरी चालतो. मिळाला नाही, तर ती फाइल तुमच्या यंत्राची नाही. जबरदस्तीने लावू नका.

त्रिकोण नाही, कोड नाही, तरी अपडेटर म्हणतो सापडत नाही. सगळ्यात छळणारा प्रकार. ड्रायव्हर लागलाय, पण भलताच. उदाहरण पुन्हा एसटीएम३२ चंच घेऊ. या चिपसाठी पूर्वी वापरलं जाणारं डीएफयूएसई हे साधन स्वतःच्या खास ड्रायव्हरशी बोलतं, तर नंतरचं एसटीएम३२ क्यूबप्रोग्रामर विनयूएसबीच्या वाटेने जातं. एकासाठी लावलेला ड्रायव्हर दुसऱ्याला आंधळं करतो. कुठल्यातरी व्हिडिओत बघून झॅडिग या साधनाने विनयूएसबी लावून बसलेल्या लोकांचं हेच होतं. झॅडिग वाईट नाही, मीही वापरतो. पण ते निवडलेल्या यंत्राचा चालू ड्रायव्हर काढून दुसरा लावतं, आणि यादीत चुकून कीबोर्ड किंवा माउस निवडला तर तोच बंद पडतो. कंपनीने स्पष्ट सांगितलं असेल तरच वापरा, आणि बटण दाबण्याआधी व्हीआयडी-पीआयडी मघाच्या फोटोशी ताडून बघा. उपाय: त्या नोंदीवर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’, ड्रायव्हरही काढून टाकण्याच्या चौकटीत खूण, केबल काढून पुन्हा लावा, आणि योग्य आयएनएफ दाखवा.

कोड १०. यंत्र ओळखलं, पण सुरू होत नाही. रीस्टार्ट, दुसरा पोर्ट. तरीही तसंच राहिलं तर खालची साफसफाई.

कोड ५२ किंवा ३९. यांच्यासाठी वेगळा भाग आहे.

## जुन्याची साफसफाई

वर्षानुवर्षं वापरलेल्या लॅपटॉपवर एकाच इंटरफेसचे तीन-तीन जुने ड्रायव्हर साचलेले असतात. विंडोज काढून टाकलेल्या यंत्रांच्या नोंदीही जपून ठेवतं.

यंत्र काढा. सेटिंगमधून ॲप्समध्ये जाऊन कंपनीचा ड्रायव्हर आणि कंट्रोल सॉफ्टवेअर काढून टाका, रीस्टार्ट करा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘व्ह्यू’ खाली ‘शो हिडन डिव्हाइसेस’ निवडा. फिकट झालेल्या नोंदी म्हणजे आत्ता न जोडलेली यंत्रं. त्यांतल्या तुमच्या इंटरफेसच्या आणि त्याच्या बूटलोडरच्या नोंदी एकेक करून अनइन्स्टॉल करा, दर वेळी ड्रायव्हर काढण्याच्या चौकटीत खूण करून. विंडोज १० मध्ये तिथे ‘डिलीट द ड्रायव्हर सॉफ्टवेअर’ असं असतं, ११ मध्ये ‘अटेम्प्ट टु रिमूव्ह’. फक्त आपल्या यंत्राच्याच नोंदी. एवढं फिकट दिसतंय म्हणून सगळंच झाडून टाकायचा उत्साह नको, त्यात इतर उपकरणांचंही सामान असतं.

पुन्हा रीस्टार्ट. आता वाय-फाय बंद करा आणि मगच नवा ड्रायव्हर बसवा. नेट चालू असलं की विंडोज अपडेट मध्येच हात घालून स्वतःच्या भांडारातला ड्रायव्हर आणून लावू शकतं. काम झालं की वाय-फाय चालू करा. अर्थात अपडेटरला फर्मवेअर नेटवरूनच उतरवायचं असेल तर ते त्या पायरीपासून चालू ठेवावं लागेल.

## सही नसलेला ड्रायव्हर आणि मेमरी इंटेग्रिटी

कोड ५२ चा अर्थ, ड्रायव्हरवरची डिजिटल सही विंडोजला पटलेली नाही. ६४ बिट विंडोज व्हिस्टाच्या काळापासून सही मागतं, आणि २०१६ च्या विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून नियम आणखी कडक झाले. सिक्युअर बूट (सुरू होतानाच सह्या तपासण्याची सोय) चालू असलेल्या नव्या संगणकावर सिस्टिमच्या गाभ्यात चालणाऱ्या नव्या ड्रायव्हरला मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरून सही झालेली लागते. तेव्हा दहा-बारा वर्षांपूर्वीच्या सीडीतला ड्रायव्हर आज अडला तर नवल नाही. आधी कंपनीच्या पानावर नवा आहे का बघा.

नसेलच, तर एका वेळेपुरती सवलत मिळते. शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि मग ७ चा आकडा. त्या सत्रापुरती सहीची सक्ती उठते. पुढच्या रीस्टार्टला ती परत लागू होते आणि ते बरंच आहे. फर्मवेअरचं काम तेवढ्यात उरकून घ्या. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू असेल तर या वाटेवर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती हाताशी नसेल तर या वाटेला जाऊच नका, नाहीतर इंटरफेस राहील बाजूला आणि लॅपटॉपच कुलूपबंद व्हायचा.

कोड ३९ मध्ये ड्रायव्हरची फाइल बिघडलेली असू शकते, पण हल्ली बरेचदा कारण मेमरी इंटेग्रिटी असतं. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन, तिथे हा खटका आहे. न पटणारे ड्रायव्हर तो आत येऊ देत नाही. खटका बंद करून, रीस्टार्ट करून अपडेट होतं का बघता येतं. झालं की खटका पुन्हा चालू करायचा. तो चालू केल्यावर इंटरफेसचा रोजचा ड्रायव्हरच चालेनासा झाला, तर त्या कंपनीने ड्रायव्हरकडे बघणं सोडून दिलंय असं समजा.

आर्मच्या प्रोसेसरवर चालणारा विंडोज लॅपटॉप असेल तर वेगळीच गोष्ट. साधी ॲप तिथे रूपांतर होऊन चालतात, पण ड्रायव्हर आर्मसाठीच बनवलेला लागतो. कंपनीने तो दिलेला नसेल तर दुसऱ्या संगणकावर अपडेट करून आणा.

## मॅक, लिनक्स आणि शेजाऱ्याचा लॅपटॉप

खरं सांगायचं तर सगळ्यात सोपा उपाय पुष्कळदा हाच असतो. ज्यावर हा इंटरफेस कधीच लागलेला नाही, असा कुणाचातरी लॅपटॉप घ्या, ड्रायव्हर बसवा, अपडेट करा, आपल्या घरी या. फर्मवेअर डबीत बसतं, संगणकात नाही. मॅकवर तर ऑडिओ क्लासचे नियम पाळणाऱ्या यंत्रांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही, कंपनीचं अपडेटर मॅकसाठी असेल तर अर्धी कटकट तिथेच संपते. लिनक्सवर डीएफयू पाळणाऱ्या यंत्रांसाठी डीएफयू-युटिल आहे. तिथे अडचण ड्रायव्हरची कमी आणि परवानगीची जास्त असते. मात्र त्यात फाइल स्वतः निवडून द्यावी लागते. चुकीची दिली तर ‘हे तुझं नाही’ असं सांगणारं कुणी असेलच असं नाही.

व्हर्च्युअल मशिनमधून, म्हणजे संगणकाच्या आत चालवलेल्या दुसऱ्या आभासी संगणकातून, मात्र हे काम करू नका. यंत्राने ओळख बदलली की ते व्हर्च्युअल मशिनच्या हातून सुटून बाहेरच्या मूळ सिस्टिमकडे जातं, आणि आतला अपडेटर अर्ध्यावर तोंड उघडं टाकून बसतो.

## पट्टी अर्ध्यावर थांबली तर

हात बांधून बसा. अपडेट किती झालं हे दाखवणारी पट्टी थांबलेली दिसली तरी आत लिहिणं चालू असू शकतं. मी घड्याळ लावून वीस मिनिटं थांबतो. त्यानंतरही हालचाल नसेल तर अपडेटर बंद करा, यंत्र काढा, मिनिटभराने लावा आणि अपडेट पुन्हा चालवा. बूटलोडर वेगळा राखलेला असेल तर मुख्य फर्मवेअर अर्धवट राहिलं तरी तो शाबूत असतो, म्हणून दुसरा प्रयत्न बहुधा लागू पडतो. यंत्र मुकं वाटलं तर वर सांगितलेली बटण दाबून केबल लावण्याची युक्ती करा.

काहीच जमलं नाही आणि कंपनीला लिहायची वेळ आली, तर ‘चालत नाही’ एवढंच लिहू नका. विंडोजची आवृत्ती, यंत्राची पिढी, जुनी आणि नवी फर्मवेअर आवृत्ती, कोड आणि हार्डवेअर आयडी यांचे फोटो द्या. शिवाय सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरच्या आत आयएनएफ नावाचा फोल्डर आहे, त्यात ‘सेटअपएपीआय डॉट डेव्ह’ नावाची नोंदवही असते. कुठल्या यंत्राला कुठला ड्रायव्हर लावायचा प्रयत्न झाला आणि कुठे फसला, हे सगळं वेळेसकट तिच्यात असतं. ती जोडलीत तर ‘केबल तपासून पाहा’ छापाचं पहिलं ठरावीक उत्तर टळण्याची शक्यता वाढते.

## झाल्यावर

यंत्र काढून पुन्हा लावा, कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये आवृत्ती बदलली का बघा. मग रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये असिओ, म्हणजे रेकॉर्डिंगसाठीचा कंपनीचा ड्रायव्हर, पुन्हा निवडा, सॅम्पल रेट तपासा. ४४.१ किलोहर्ट्झवर चालणारं यंत्र अपडेटनंतर ४८ वर गेलेलं असू शकतं. विंडोजच्या दृष्टीने नवा ड्रायव्हर म्हणजे नवा पाहुणा, त्यामुळे मुख्य स्पीकर आणि माइकची निवडही बदललेली असते. माइकची पट्टी हलतच नसेल तर प्रायव्हसीमध्ये मायक्रोफोनची परवानगी बघा.

मामेभावाचा अपडेट सव्वाअकराला संपला. पावणेबाराला पुन्हा फोन.

“दादा, आवाज येतोय, पण फक्त डाव्या कानात.”

“मिक्सरची सेटिंग जतन केली होतीस?”

“...नाही.”

“मग ती उडाली. दोन्ही चॅनेल मध्यावर आण, आणि झोप. सहाची गाडी आहे ना तुझी?”

“पावणेसहाची,” म्हणाला, आणि फोन ठेवला.